परीक्षा देणारा आणि परीक्षा घेणारा

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी तू माझ्या टेबलावर विसरून गेलेली शब्दांची वही मी चाळली. अक्षर देखणे आहे आणि कष्टही दिसतात. डाव्या बाजूला 'मेटिक्युलस', 'युबिक्विटस' असे जड शब्द आहेत, तर उजव्या बाजूला त्यांचे मराठी अर्थ. मात्र त्याच दिवशी तू सांगत होतास, की नोकरीसंबंधी बंगळूरहून फोन आला तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तू तेव्हा रिक्षात होतास, आवाज तुटत होता आणि तुला एवढेच म्हणायचे होते, की मी दहा मिनिटांनी फोन करू का? 'कुड आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?' या वाक्यातला प्रत्येक शब्द तुला पाचवीपासून ठाऊक आहे, तरी ते वाक्य तुझ्या वहीत नाही. म्हणून हे पत्र.

शब्द एकटा राहत नाही, त्याचे सोबती ठरलेले असतात आणि ते भाषेगणिक बदलतात. आपण मराठीत परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतात. इंग्रजीत मात्र विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे तिथे आपण घेणारे होतो. विडी मराठी माणूस ओढतो, आपला गुजराती शेजारी ती पितो, आणि इंग्रजाने तर धुराच्या नामाचेच क्रियापद करून टाकले आहे. आपले 'करणे' सर्व कामांना पुरते, पण इंग्रजीत गृहपाठ 'डू' होतो आणि चूक 'मेक' होते. यामागे सांगण्यासारखा नियम नाही, म्हणूनच 'मिस्टेक' हा शब्द वहीत एकटा लिहू नये, 'मेक अ मिस्टेक' असा जोडीनेच लिहावा. आपण बडोदेकर घरी 'दिवा बंद कर' म्हणतो, रस्त्यावर 'लाइट बंध कर' ऐकतो, आणि मग दोन्ही भाषांच्या साक्षीने बिनदिक्कत 'क्लोज द लाइट' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत दार आणि डोळे 'क्लोज' होतात, दिवा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' करावा लागतो.

एका शब्दासमोर एक प्रतिशब्द ही तुझी पद्धत मुळातच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याच बडोदे सरकारने 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश काढला, त्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांतले पर्याय दिलेले आहेत. कचेरीतल्या शब्दांना ती रीत शोभते, कारण तिथे शब्दाचा अर्थ कायद्याने बांधलेला असतो. घरातल्या आणि बाजारातल्या बोलण्याला असे कुंपण नसते, आणि तुझी अडचण नेमकी तिथली आहे.

सर्वांत जास्त लक्ष तू विनंतीच्या वाक्यांकडे द्यावेस असे मला वाटते. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो: 'दे', 'द्या', 'द्याल का', 'जरा द्याल का', अशी एकेक पायरी आपण न शिकता चढतो. खंडेराव मार्केटात भाजी घेतानाही तू गुजरातीत 'जरा आपशो?', म्हणजे 'जरा द्याल का?', असेच विचारतोस. इंग्रजी क्रियापदाला अशी शेपटी नाही, त्यामुळे 'गिव्ह मी' पुढे 'प्लीज' जोडले तरी ऐकणाऱ्याला तो पुष्कळदा हुकूमच वाटतो. आपल्या 'द्याल का'चे काम तिथे 'कुड यू' आणि 'वूड यू' करतात. शाळेत हे शब्द 'कॅन' आणि 'विल' यांचे भूतकाळ म्हणून शिकवले जातात आणि विद्यार्थी जन्मभर त्यांना भूतकाळच समजतो, याचे मला शिक्षक म्हणून वाईट वाटते.

या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. एका कचेरीत मी मुलाखतीला गेलो असताना साहेब म्हणाले, 'वूड यू माइंड वेटिंग आउटसाइड?' मी मोठ्या तत्परतेने 'येस, सर' म्हणालो आणि उठलो. साहेब हसले, ते का हसले हे मला जिना उतरेपर्यंत कळले नाही. 'माइंड' म्हणजे मन एवढेच मी पाठ केले होते. त्या वाक्याचे खरे मराठी 'बाहेर थांबायला आपली काही हरकत आहे का?' असे आहे, आणि त्याला 'हो' असे उत्तर मराठी माणूस चुकूनही देणार नाही. मराठी आड आली म्हणून मी चुकलो नव्हतो, मराठीला पुरते विचारले नाही म्हणून चुकलो होतो. 'आय ॲम अफ्रेड' हे असेच एक वाक्य आहे, त्यात बहुतेक वेळा भीती नसते, नकार देण्यापूर्वीचा संकोच असतो. आणि 'हाउ आर यू' ला प्रकृतीचा अहवाल देऊ नये. जिन्यात भेटलेले काका 'काय, जेवण झाले का?' असे विचारतात तेव्हा आपण काय जेवलो ते सांगत बसतो का?

आपल्याकडच्या इंग्रजीची लाज बाळगू नकोस, फक्त ती कुठे चालते ते ओळख. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा शब्द आपल्या देशात रुळला आणि तो आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, मला तर तो फार सोयीचा वाटतो. परदेशी माणसाशी बोलताना मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणावे. वर्गात आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो, पण बाहेरच्या माणसाला आपण त्याच्या बोलण्यावर अविश्वास दाखवतो आहोत असे वाटू शकते. तिथे 'क्वेश्चन' म्हणावे. उत्तर पाठवण्याला आपण 'रिव्हर्ट' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, तेव्हा साधे 'रिप्लाय' पुरे.

उच्चाराविषयी एकच सांगतो, कारण ते कागदावर शिकवता येत नाही. इंग्रजीत जोर कुठल्या अक्षरावर पडतो त्यावर शब्द ओळखला जातो. 'फोटोग्राफ' मध्ये तो 'फो' वर असतो, 'फोटॉग्राफर' मध्ये 'टॉ' वर सरकतो. नवा शब्द लिहिलास की त्या अक्षराखाली रेघ ओढ.

आता वहीविषयी. जुनी फाडू नकोस, वाचनासाठी ती उपयोगी पडेल. नव्या वहीची पाने अक्षरांप्रमाणे न करता प्रसंगांप्रमाणे कर: एक पान फोनवरचे, एक बँकेच्या खिडकीवरचे, एक दवाखान्यातले, एक नकार देण्याचे. आधी त्या प्रसंगी तू घरी काय बोलला असतास ते अस्सल मराठीत लिही, 'जरा', 'बरं का', 'हरकत' या शब्दांसकट, आणि समोरची जागा मोकळी ठेव. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. फोनचे आणि नकाराचे अशी दोन पाने मराठीत भरून आण, समोरची बाजू आपण एकत्र बसून भरू. आणि तुझी ही वही न्यायला विसरू नकोस, ती माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली आहे.

तुझा,
शेजारचा सरकाका