ओसरीवर बसलेली मुले

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे असून नऊ वर्षांपासून त्यांना कंपवात (पार्किन्सन) आहे. महिनाभरापासून दिवेलागणीला त्यांना आमच्या वाड्याच्या ओसरीवर दोन-तीन मुले बसलेली दिसतात आणि "त्यांना काही खायला दे," असे ते मला शांतपणे सांगतात. परवा रात्री मात्र चोर शिरल्याचे म्हणत त्यांनी काठी उगारली. नातलग त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करायला सांगतात, शेजारी म्हणतात गोळ्या बंद करा. काय करावे?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. मेंदूत कमी पडलेल्या डोपामिन या रसायनाची उणीव लेव्होडोपा, प्रामिपेक्सोल ही औषधे भरून काढतात. पण त्यांच्यामुळे, तसेच आजार मेंदूत पसरत गेल्यामुळेही, नसलेली माणसे वा प्राणी दिसू लागतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन करताना रुग्णाची बुद्धी अबाधित राहते असे लिहिले होते. ते पुढे खरे ठरले नाही. तरीही लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास अंग ताठरून तीव्र ताप येतो व प्रसंगी जिवावर बेतते, त्यामुळे एकही गोळी परस्पर बंद करू नये.

महिनाभरात काय बदलले, हे आधी आठवावे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पिणे, कंप थांबवण्यासाठी सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, वाढलेला मोतीबिंदू किंवा ओसरीवरचा मिणमिणता दिवा, यांपैकी काहीही कारण असू शकते. संसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर मेंदूविकारतज्ज्ञ सहसा ट्रायहेक्सिफेनिडिल, अमँटाडिन, प्रामिपेक्सोल ही औषधे आधी कमी करतात आणि लेव्होडोपाला शेवटी हात लावतात. त्यानेही भागले नाही, तर भास कमी करणारे क्वेटियापिन अल्प मात्रेत किंवा नियमित रक्ततपासणीसह क्लोझापिन देतात. काठी उगारण्यापर्यंत गोष्ट गेली असल्याने डॉक्टरांकडे जाण्यासाठी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये, आणि काठी, विळी, सुरी त्यांच्या हाताशी ठेवू नये.

मुले दिसतात तेव्हा "तिथे कोणी नाही" असा वाद घालू नये. मोठा दिवा लावून त्यांच्याजवळ बसावे. नागबळी हा आपल्या श्रद्धेचा विषय आहे, परंतु त्या तीन दिवसांत गोळ्यांच्या वेळा चुकणार असतील, तर माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागले, तर शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले जाण्याचा संभव असतो आणि त्याने कंपवात झपाट्याने बळावतो. औषधांच्या यादीवर "कंपवाताचा रुग्ण, हॅलोपेरिडॉल देऊ नये" असे ठळक लिहून तो कागद फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवावा.