कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर राहायला जायचंय. मी शाकाहारी आहे. तिथलं जेवण आणि लोकजीवन कसं आहे?

निर्धास्त जा. वैद्यकीय शिक्षणासाठी मी तिथे राहिलोय. अळूची पानं, नीरफणस, कच्ची केळी, नारळ, हळद, जायफळ हे सगळं राजधानी सेंट जॉर्जेसच्या बाजारात मिळतं.

तिथला राष्ट्रीय पदार्थ ऑइल डाउन. मोठ्या पातेल्यात नीरफणसाच्या फोडी, खारवलेलं मांस किंवा मासे, तळहातावर वळलेले मैद्याचे लांबट गोळे आणि वर अळूची पानं असे थर लावतात. हळद घातलेलं नारळाचं दूध ओतून झाकण ठेवतात आणि अजिबात ढवळत नाहीत. दूध आटून फोडींत मुरलं, तळाशी तेल सुटलं की झालं. गुलामांना स्वस्तात पोसायचं म्हणून मळेवाले खारवलेले मासे आणि मांस बाहेरून मागवत. १७९३ मध्ये ब्रिटिशांनी ताहितीहून नीरफणसाची रोपं कॅरिबियनमध्ये आणली, तीही त्याच हिशेबाने. आज तेच सगळं अंगणात चूल मांडून, शेजारपाजार जमवून, दिवसभर रमतगमत शिजवलं जातं. हॉटेलात ऑइल डाउन खाऊ नका, कुणाच्या तरी घरी खा. आमंत्रण आलं तर सकाळीच जा आणि फोडी चिरायला बसा, ओळखी तिथेच होतात.

तुमच्यासाठी रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या लोकांचं 'आयटल' ऑइल डाउन उत्तम. त्यात मांस-मासे नसतात, बरेच जण मीठही घालत नाहीत. एरवी मात्र विचारूनच खा, कारण अळूच्या भाजीत आणि कडधान्यातही खारवलेलं मांस पडतं. बटाटा-चण्याची रोटी सहज मिळते. १ मे १८५७ ला 'मेडस्टोन' जहाजातून कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये मजूर तिथे उतरले, तेव्हापासून बेटाचं भारताशी नातं आहे.

जायफळ तर त्यांच्या झेंड्यावर आहे. २००४ च्या आयव्हन वादळाने बहुतेक झाडं आडवी केली. नवं झाड फळायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे शेतकऱ्यांचे फार हाल झाले. तरी जायफळाच्या बाहेरच्या गराचा जॅम आणि सरबत घरोघरी असतं, ते चाखाच. सकाळी दालचिनी-जायफळ घातलेला कोको टी पितात. मला तो चहापेक्षा आवडायचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी पहाटे कार्निव्हलमध्ये 'जॅब जॅब' नावाची सोंगं निघतात. अंगाला काळं तेल फासलेलं, डोक्यावर शिंगं, हातात साखळदंड, शंखांचा आवाज. गोऱ्या मालकांनी ज्यांना सैतान म्हटलं, त्यांच्या वंशजांनी सैतानाचंच सोंग घेऊन मालकांची केलेली ही थट्टा आहे. नुसता गोंगाट समजून खिडकी लावून घेऊ नका. जुने कपडे घालून रस्त्यावर उतरा.

कारियाकू या धाकट्या बेटावर जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने फार नासधूस केली. तिथले बिग ड्रम नाच आफ्रिकेतल्या आपापल्या पूर्वजांच्या जमातींच्या नावाने होतात. जमेल तेव्हा नक्की जाऊन पाहा.

आणि बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. न बोलता आत जाणं तिथे उद्धटपणा समजतात.