जाहिरात घ्यावी की वर्गणी मागावी?

प्रश्न : रानभाज्या आणि जंगली वनस्पती ओळखणाऱ्या हौशी मंडळींचा आमचा ऑनलाइन समूह आहे. सभासद साडेचार हजार, त्यात परदेशातले मराठी लोकही बरेच. फोटो वाढत गेले तसा सर्व्हरचा खर्च वर्षाला ४२,००० रुपयांवर गेला. आजवर आम्ही तिघं खिशातून भरत होतो. गेल्या महिन्यात आपोआप येणाऱ्या जाहिराती सुरू केल्या, तर निम्मे लोक रुसले. वर्गणी मागायची लाज वाटते. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पत्र वाचलं आणि आधी तुमच्याकडे फेरफटका मारून आले. कळलावीच्या कंदाचा फोटो, खाली कुणीतरी कळकळीने लिहिलेलं, 'विषारी आहे, तोंडात घालू नका', आणि त्याला खेटून दहा दिवसांत पोट सपाट करणाऱ्या चूर्णाची जाहिरात! लोक रुसणार नाहीत तर काय करतील?

जाहिरात मुळातच वाईट असं नाही. आपले दिवाळी अंक निघतात कशावर? पण त्या जाहिराती कुणीतरी दारोदार जाऊन आणलेल्या असतात. 'हार्दिक शुभेच्छा' देणारी सहकारी बँक कुणाला खुपत नाही. तुम्हीही दोन-तीन रोपवाटिका, एखादा कुंड्या-खतवाला गाठा, वर्षाचा ठोक दर सांगा. काढ्याची पाकिटं विकणारा मात्र नको. तो उद्या तुमच्या नोंदींत औषधी गुण घुसडायला सांगेल.

आणि आधी सभासदांना विचारा. २००२ साली स्पॅनिश विकिपीडियावर जाहिराती येणार अशी नुसती कुणकुण लागली, तर संपादकांचा एक गट वेगळा ज्ञानकोश काढून निघून गेला. विकिपीडिया आजही जाहिरात घेत नाही. वाचकांकडे पैसे मागतो, आणि मागताना लाजत नाही.

मी नऊ वर्षं आमच्या वाड्याच्या गणपतीची खजिनदार होते. कुरकुर वर्गणीवर नसायची, हिशेबावर असायची. एका वर्षी मांडवाशेजारच्या फळ्यावर खडूने जमाखर्च लिहिला, अगदी 'सुतळी ३५ रुपये'सकट. वर्गणी म्हटली की दार न उघडणारे माडीवरचे काका त्या वर्षी स्वतःहून पावती फाडायला आले. तुम्हीही सर्व्हरचं बिल आधी सगळ्यांसमोर ठेवा, मग मागा. ४२० जणांनी शंभर-शंभर दिले की काम झालं (आकडा बदनाम आहे, हिशेब सरळ आहे).

पैसे तिघांपैकी एकाच्या यूपीआयवर घेऊ नका. मैत्री तिथेच नासते. सात जण मिळून १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद होते. मग संस्थेचं खातं उघडा, दोघांच्या सह्यांचं.

परदेशातल्यांचं जरा जपून. न्यू जर्सीत राहणारी, भारतीय पासपोर्ट असलेली तुमची पुतणी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर खुशाल घ्या. पण तिच्या नवऱ्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलेलं असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही त्याचे शंभर रुपये परकीय देणगी ठरतात आणि संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्याला म्हणावं, जावईबापू, पैसे राहू द्या, बिननावाचे फोटो पडलेत तेवढे ओळखायला बसा.