महाविद्यालयीन फुटबॉलची क्रमवारी: कमाई मोजायची की ताकद?

आपण एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: २०२३ साली तेराच्या तेरा सामने जिंकूनही फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी निवड समितीने निवडलेल्या शेवटच्या चार संघांत का घेतले नाही, नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन गावी शिकणारा आपला मुलगा म्हणतो त्याप्रमाणे १९९५ चा नेब्रास्का हाच आजवरचा सर्वश्रेष्ठ संघ मानावा का, आणि जुन्या-नव्या संघांना एकाच यादीत बसवण्याची न्याय्य रीत कोणती. गेली बावीस-तेवीस वर्षे मी दर हंगामाचे निकाल एक्सेलच्या एका फायलीत उतरवून घेत आलो आहे. घरी ही फाईल थट्टेचा विषय असली तरी हे उत्तर तिच्याच आधाराने लिहितो आहे. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, लांबट चेंडूचा.

अडचणीचे मूळ सामन्यांच्या आखणीत आहे. आपल्याकडच्या साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, त्यामुळे शेवटी गुणतक्ता पुढे ठेवला की वाद मिटतो. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात २०२४ साली १३४ संघ होते. त्यांच्या जोड्या लावल्या तर ८,९११ होतात, पण नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात, म्हणजे प्रत्यक्षात खेळले जातात ते जेमतेम आठशेच्या घरातले. उरलेल्या आठ हजारांवर जोड्यांबाबत आपण सगळे अंदाजच बांधत असतो. त्यातही बहुतेक सामने आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटातल्या गटात होतात आणि दोन गटांची तुलना करायला सप्टेंबरातले मोजके सामनेच हाताशी असतात. ९ सप्टेंबर २०२३ रोजी टेक्सासने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४–२४ ने हरवले. तीन महिन्यांनंतर अलाबामाला आत घ्यायचे तर टेक्सासला बाहेर कसे ठेवायचे, हा पेच निवड समितीपुढे उभा राहिला तो या एका सामन्यामुळे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. क्रमवारी या एका शब्दाखाली आपण दोन वेगळे प्रश्न दडवतो. ‘या संघाने आजवर काय कमावले?’ हा पहिला, आणि ‘उद्या मैदानात उतरले तर कोण जिंकेल?’ हा दुसरा. पहिल्याला मी कमाई म्हणतो, दुसऱ्याला ताकद. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाला. त्यानंतरही संघाने फ्लोरिडा या दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाला २४–१५ ने आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात लुईव्हिलला १६–६ ने हरवले, पण खेळ ओढूनताणून चालला होता हे उघड दिसत होते. अलाबामाचा एक पराभव झाला होता, मात्र त्याने शेवटी जॉर्जियाला २७–२४ ने नमवले होते. समितीने ताकदीकडे पाहून अलाबामाला चौथे आणि फ्लोरिडा स्टेटला पाचवे ठेवले. माझ्या मते ही चूक होती. बाद फेरीत कोणाला उतरवायचे हे कमाईवरूनच ठरले पाहिजे. ताकद तपासण्यासाठीच तर ती फेरी खेळवायची असते, मग ती आधीच गृहीत कशी धरता येईल? पुढे ऑरेंज बोलमध्ये (हंगामाअखेर निवडक संघांत होणाऱ्या खास सामन्यांना बोल म्हणतात) जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३–३ असा धुव्वा उडवला, आणि समितीचे समर्थक तो आकडा आजही तोंडावर फेकतात. त्या सामन्यातून फ्लोरिडा स्टेटच्या कितीतरी प्रमुख खेळाडूंनी अंग काढून घेतले होते, त्यामुळे तो पुरावा मी कोणत्याच बाजूने धरत नाही.

कमाई मोजायची तर भावनेपेक्षा हिशेब बरा. वेस्ली कॉली या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाची पद्धत मला यासाठी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती कागदावर करून पाहता येते. तिचा पाया असा: जिंकलेल्या सामन्यांत १ मिळवा, खेळलेल्या सामन्यांत २ मिळवा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. एकही सामना न खेळलेल्या संघाला ०.५ मिळतात, म्हणजे हंगामाआधी कोणाच्याही पूर्वपुण्याईचा हिशेब नाही. तेरापैकी तेरा जिंकणाऱ्या फ्लोरिडा स्टेटला १४ भागिले १५, म्हणजे ०.९३३ मिळतात, तेरापैकी बारा जिंकणाऱ्या अलाबामाला १३ भागिले १५, म्हणजे ०.८६७. या साध्या भागात प्रत्येक प्रतिस्पर्धी ०.५ चा, म्हणजे सरासरी दर्जाचा धरलेला असतो. पुढच्या पायरीला त्या ०.५ च्या जागी त्या त्या प्रतिस्पर्ध्याचा स्वतःचा गुणांक घालायचा, त्याचा गुणांक पुन्हा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, असे करत सगळ्या संघांची समीकरणे एकदम सोडवायची. यातून एक सुरेख गोष्ट निघते. सामन्यांची संख्या सारखी असेल तर एक पराभव भरून काढण्यासाठी आपल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकांची बेरीज समोरच्यापेक्षा पूर्ण १ ने जास्त भरावी लागते. तेरा सामन्यांत वाटली तर सरासरी प्रतिस्पर्धी सुमारे ०.०७७ ने सरस हवा. ‘त्यांचे वेळापत्रक अवघड होते’ हे वाक्य टीव्हीवर दर शनिवारी ऐकू येते, पण अवघड म्हणजे नेमके किती, हे विचारले की वक्ते पुढच्या विषयाकडे वळतात.

हीच पद्धत २००० सालच्या गुंत्याला लावून पाहा. नियमित हंगाम संपला तेव्हा वॉशिंग्टन, मायामी आणि फ्लोरिडा स्टेट या तिघांचा प्रत्येकी एकच पराभव झालेला होता. वॉशिंग्टनने मायामीला ३४–२९ ने आणि मायामीने फ्लोरिडा स्टेटला २७–२४ ने हरवले होते. केवळ हे दोन सामने घेऊन समीकरणे सोडवली तर वॉशिंग्टनला ०.६६७, मायामीला ०.५ आणि फ्लोरिडा स्टेटला ०.३३३ येतात. तरीही मतदान आणि संगणकीय क्रमवाऱ्या एकत्र करून अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या बीसीएस या तेव्हाच्या व्यवस्थेने विजेतेपदाच्या सामन्यासाठी ओक्लाहोमासमोर उभे केले ते फ्लोरिडा स्टेटला, आणि ओक्लाहोमाने तो सामना १३–२ ने जिंकला. बाकीच्या दहा-अकरा सामन्यांचे वजन दोन सामन्यांपेक्षा जास्त असते हे मला मान्य आहे. पण आपसातल्या सामन्याचा निकाल इतका उलटा फिरवणारी व्यवस्था सामान्य प्रेक्षकाच्या गळी उतरत नाही, आणि उतरूही नये.

ताकद मोजताना मात्र गुणफरक लागतोच, कारण एका गुणाने जिंकणे आणि तीस गुणांनी जिंकणे यांत पुढच्या सामन्याबद्दलची बरीच माहिती असते. धोका एवढाच की फरकाला बक्षीस दिले की प्रशिक्षक दुबळ्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत तुडवत राहतात. १९१६ साली जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२–० ने हरवले होते. असा एक आकडा सरासरीत शिरला की सगळा हंगाम नासवतो. म्हणून मी स्वतः २४ गुणांवर फरक छाटतो, म्हणजे त्याहून मोठा फरकही २४ च धरतो. २४ च का, याचे शास्त्रीय उत्तर माझ्याकडे नाही, तीन टचडाऊन (जादा गुणासह प्रत्येकी ७) आणि एक फील्ड गोल (३ गुण) एवढ्या आघाडीनंतर राखीव खेळाडू उतरतात हा निव्वळ पाहण्यातला अनुभव आहे. बीसीएसने २००२ पासून संगणकीय क्रमवाऱ्यांतून गुणफरक सरसकट काढूनच टाकला. आदल्या वर्षी नेब्रास्का कोलोरॅडोकडून ६२–३६ असा सडकून हरला होता, आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यालाही पात्र ठरला नव्हता, आणि तरी विजेतेपदाच्या सामन्यात पोहोचून मायामीकडून ३७–१४ ने हरला. त्या गदारोळानंतरचा हा बदल. गंमत म्हणजे एवढा मोठा पराभव जमेला धरायचा तर गुणफरकच लागतो. रोगाच्या उलट औषध दिले गेले.

पत्रकारांच्या मतांवर चालणाऱ्या एपी (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था) पोलबद्दल मी थोडक्यात आवरतो. तो १९३६ पासून अखंड चालू आहे, आणि ऐतिहासिक नोंद म्हणून त्याला तोड नाही. पण १९६४ पर्यंत त्याचा अखेरचा कौल बोल सामन्यांच्या आधीच लागायचा. त्या वर्षी अलाबामाला विजेते घोषित केले गेले, आणि नंतर ऑरेंज बोलमध्ये टेक्सासने त्यांना २१–१७ ने हरवले. त्याच टेक्सासला ऑक्टोबरात १४–१३ ने हरवणारा आर्कान्सा शेवटपर्यंत अपराजित राहिला, पण त्या पोलचे विजेतेपद अलाबामाकडेच राहिले. जुन्या संघांच्या विजेतेपदांची संख्या मोजून त्यांना श्रेष्ठ ठरवणाऱ्यांनी हे एक वर्ष तरी डोळ्यांसमोर ठेवावे.

आता जुन्या आणि नव्यांची तुलना. १९४५ चा संघ आजच्या संघासमोर उतरवला तर काय होईल, हा प्रश्न मी विचारतच नाही. आजच्या लाइनमनचे, म्हणजे पुढच्या फळीतल्या दांडग्या खेळाडूंचे, वजन आणि व्यायामशाळा पाहता त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी आपण थोर मानतो ती त्याच्या काळातले बाकीचे फलंदाज कुठे होते हे पाहून. तसेच इथेही संघ आपल्या समकालीनांच्या किती वर होता तेवढेच मोजावे. नेब्रास्काने १९९५ साली १२ सामन्यांत ६३८ गुण केले आणि १७४ दिले, म्हणजे दर सामन्याला सुमारे ३८.७ ची आघाडी. २००१ चा मायामी १२ सामन्यांत ५१२ विरुद्ध ११७, म्हणजे ३२.९. २०१९ चा एलएसयू (लुइझियाना स्टेट) १५ सामन्यांत ७२६ विरुद्ध ३२८, म्हणजे २६.५.

एवढ्यावर यादी लावायला बसाल तर १९४४ चा आर्मी, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ, तुम्हाला अडवील. नऊ सामन्यांत ५०४ विरुद्ध ३५, दर सामन्याला ५२ हून अधिक आघाडी. पण ते महायुद्धाचे वर्ष होते. इतर विद्यापीठांची धडधाकट मुले सैन्यात गेली होती, काहींनी तर संघच उतरवले नव्हते, आणि लष्करी अकादमीकडे मात्र देशभरातले उत्तम खेळाडू गोळा झाले होते. समकालीनांच्या वर असणे खरे, पण समकालीन उरले होते कोण? हाच प्रश्न वर्णभेदाच्या काळालाही विचारावा लागतो. दक्षिणेतली मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नव्हती. १९६९ चा टेक्सास हा केवळ गोऱ्या खेळाडूंचा शेवटचा राष्ट्रीय विजेता. प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात घडवलेले संघ या मोठ्या विद्यापीठांच्या वेळापत्रकात नव्हतेच, म्हणजे त्यांना या हिशेबाशी जोडणारा एकही सामना नाही. ज्या संघांना खेळूच दिले नाही त्यांच्या वर किती होतो, हे सांगण्याचा अधिकार त्या काळच्या विजेत्यांना नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणून १९७० पूर्वीच्या संघांची मी वेगळीच यादी ठेवतो.

आपल्या मुलाचे म्हणणे या चाळणीतून बघितले तर ते बरेचसे टिकते. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांच्या १९९५ च्या नेब्रास्का संघाचा सर्वांत निसटता म्हणावा असा विजयही १४ गुणांचा होता, वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध ३५–२१. अॅरिझोना स्टेटवरचे ७७–२८ मी छाटून टाकले तरी बिघडत नाही, कारण हंगामाअखेर पहिल्या दहांत आलेल्या चार संघांना त्यांनी हरवले होते: कोलोरॅडो ४४–२१, कॅन्सस स्टेट ४९–२५, कॅन्सस ४१–३ आणि फिएस्टा बोलमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा फ्लोरिडा ६२–२४. यांतल्या तीन विजयांचा फरक २४ किंवा त्याहून मोठा आहे आणि चौथा एकाच गुणाने कमी पडतो. ताकदीच्या यादीत १९७० नंतरच्या संघांत माझ्याही फायलीत तोच वरती आहे.

मात्र कमाईच्या यादीत मी दुसरा संघ वर ठेवतो. १९७१ साली एका संघाने तेराच्या तेरा सामने जिंकले, आणि एपीच्या अखेरच्या क्रमवारीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर आलेल्या तिन्ही संघांना, म्हणजे ओक्लाहोमाला ३५–३१ ने, कोलोरॅडोला ३१–७ ने आणि अलाबामाला ३८–६ ने, त्याने स्वतः हरवले. अलाबामाकडून कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरले तेही त्याच हंगामात. तो संघही नेब्रास्काचाच, त्यामुळे चिरंजीवांना हे उत्तर वाचून दाखवायला हरकत नाही.