स्फेनॉइड सायनस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझ्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘ओनोडी सेल’ असं लिहिलंय. ही गाठ आहे का?

उत्तर: गाठ नाही आणि आजारही नाही. डोळ्यांच्या मधोमध एथमॉइड सायनसचे हवेचे छोटे कप्पे असतात. काहींच्या बाबतीत त्यातला सगळ्यात मागचा कप्पा स्फेनॉइडच्या, म्हणजे नाकाच्या मागे कवटीच्या तळाच्या हाडात असलेल्या हवेच्या पोकळीच्या, वर सरकलेला असतो. हंगेरीचे अडॉल्फ ओनोडी यांच्यावरून त्याला हे नाव पडलं. त्याच्यासाठी म्हणून काही उपचार लागत नाहीत. मात्र उद्या सायनसचं ऑपरेशन ठरलं, तर हा रिपोर्ट सर्जनला आवर्जून दाखवा. दृष्टीची नस या कप्प्याच्या भिंतीला लागून जाते, कधी कधी तर तिच्यावर हाडाचं कवचही नसतं.

प्रश्न: वडिलांच्या पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन नाकातून, दुर्बिणीने होणार आहे. एमआरआय झालाय, तरी आता सीटी सांगितलाय. कशासाठी?

उत्तर: जरूर करून घ्या. गाठ एमआरआयमध्ये चांगली दिसते, हाड सीटीमध्ये. पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी; तिच्यापर्यंतची वाट स्फेनॉइडमधून जाते, आणि ही पोकळी दोन माणसांत सारखी नसते. बहुतेक प्रौढांत ती पिट्युटरीच्या खालपर्यंत पसरलेली असते. काहींत अलीकडेच थांबते. क्वचित तिथं जवळजवळ भरीव हाडच असतं. अशांना पूर्वी ही वाट बंदच समजत. आता ड्रिल आणि नॅव्हिगेशन (अवजार नेमकं कुठे आहे हे स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा) यांच्या मदतीने तिथूनही वाट काढता येते.

पोकळी फार मोठी असली की धोका वेगळा. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी बाजूच्या भिंतीतून आत फुगून आलेली दिसते, आणि काहींत तिच्यावरचं हाड जागोजागी नसतंच.

माझं लक्ष सगळ्यात आधी जातं ते आतल्या पडद्याकडे. पोकळीचे दोन भाग करणारा हा हाडाचा पडदा क्वचितच बरोबर मध्यावर असतो. बऱ्याचदा तो तिरका जाऊन थेट धमनीवरच्या हाडाला चिकटतो. असा पडदा चिमट्यात धरून पिळला, तर मुळाशी हाड तडकून धमनी फाटू शकते. म्हणून तो कापणाऱ्या पंचने थोडा थोडा काढायचा, मुळाजवळ ड्रिलने झिजवायचा. पडदा कुठे चिकटलाय हे ऑपरेशनच्या आधी फिल्मवर बघितलेलंच हवं. सर्जनने नुसता रिपोर्ट वाचून भागत नाही, म्हणून फिल्म किंवा सीडी सोबत न्या.

प्रश्न: नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन हे नवीन तंत्र आहे का?

उत्तर: नाही. सर्जन हर्मान श्लोफर यांनी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला 1907 मध्ये ते केलं होतं. दुर्बीण नंतर आली.

प्रश्न: मुलगी चार वर्षांची आहे. स्कॅनमध्ये ‘स्फेनॉइड पूर्ण विकसित नाही’ असं आलंय. काळजीचं आहे का?

उत्तर: या वयात ते तसंच असतं. जन्मतः या हाडात हवा नसते. ती हळूहळू भरत जाते आणि ही वाढ किशोरवयापर्यंत चालते. तेवढ्यासाठी पुन्हा सीटी करू नका, लहान मुलांना विनाकारण क्ष-किरण नकोत.