द्राक्षबागेत मिलीबग (पिठ्या ढेकूण) खाणारे क्रिप्टोलेमस भुंगे सोडले, आता खोडावर मोठे पांढरे किडे दिसतात. फवारणी करू का?

दादा, पंपाला हात लावू नका. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे द्राक्ष पिकायला लागताना, भुंगे सोडून तीन आठवडे झाले, भुंगे दिसेनात आणि खोडावर आणि ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) पांढरे किडे फिरतायत, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक ती तुमच्याच भुंग्यांची पिल्लं आहेत.

क्रिप्टोलेमसची अळी मिलीबगसारखीच पांढरी, मेणचट. पण मिलीबग जेमतेम तीन मिलिमीटरचा, पिठात लोळवल्यासारखा, एका जागी चिकटून बसतो. अळी सेंटिमीटरभर वाढते, अंगावर लोकरीसारखे लांब झुपके असतात आणि काडीनं डिवचली की तुरुतुरु पळते. मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजात तोंड खुपसून बसलेली सापडेल.

माझी बाग कवठेमहांकाळकडची. पहिल्या वर्षी मीही हेच पांढरं बघून घाबरलो आणि दुकानातून आणलेलं कडक कीटकनाशक ब्लोअरनं मारलं. दुसऱ्या दिवशी बुंध्याशी मेलेल्या अळ्यांचा सडा पडला होता. मिलीबग मात्र सैल सालीखाली सुखरूप. पुढं तो घडात उतरला, चिकटा (मिलीबगचा गोड, चिकट स्राव) आला, चिकट्यावर काळी बुरशी चढली, माल बेदाण्यालासुद्धा धड राहिला नाही. तो सडा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही तर काढणीच्या तोंडावर आहात, आता कीटकनाशक मारलं तर मण्यात अंश राहण्याचीही भीती.

खोडावर मुंग्यांची रांग आहे का, तेही बघा. चिकटा खायला मिळतो म्हणून मुंग्या मिलीबगची राखण करतात, भुंग्यांना आणि अळ्यांना हुसकावतात. मुंग्या तशाच ठेवून भुंगे सोडणं म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. वारुळं शोधून मोडा, तारा आणि बांबूंवरून चढायच्या वाटाही बघा.

हा भुंगा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणलेला. मिलीबग संपला की त्याला आपल्या बागेत खायला उरत नाही, म्हणून एकदा सोडला की कायमचं झालं असं धरू नका. काढणी झाल्यावरच्या खरड छाटणीनंतर सैल साल काढून जाळा. पावसाळ्यात हवा दमट असताना व्हर्टिसिलियम ही किडीला मारणारी बुरशी खोड भिजेल अशी मारा, बुरशीनाशकात मिसळून मात्र नको, ती उपयोगी बुरशीच मरते.

उद्या सकाळी दहा-बारा खोडं काडी घेऊन तपासा. पळणाऱ्या अळ्या निघाल्या तर जास्त लागण झालेले घड तेवढे काढून बागेबाहेर पुरा, बाकी काम त्यांना करू द्या.