‘किर्लोस्कर’ मासिकाची सुरुवात उद्योगविषयक पत्रिका म्हणून झाली होती का?

होय. तेव्हाच्या औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, ते कारखान्याचे लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे वापरणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव यांचे पुतणे. ते स्वतः चित्रकार असल्यामुळे त्यांनी सजावटीकडे बारकाईने लक्ष दिले. पुढे जाहिरातीची ही पत्रिका ‘किर्लोस्कर’ नावाचे स्वतंत्र मासिक झाली, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तिने छापले आणि 1930 मध्ये ‘स्त्री’, तर 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे तिला लाभली. माझ्या मते मराठी वाचकाला उद्यमाची आणि सुधारणेची गोडी एकत्र लावण्याचे मोठे श्रेय शंकररावांच्या संपादकीय दृष्टीला द्यायला हवे.